पहिला बार: ठासणीच्या बंदुकीसाठी गोळी आणि सॅबो शोधताना

१७ ऑगस्ट २०२४, शनिवार

ओहायोत जानेवारीत चार दिवस खास ठासणीच्या बंदुकांचा हरणांचा हंगाम असतो. या वेळी ४ ते ७ जानेवारी. डेटनच्या बाहेर एका शेताच्या मालकांनी लेखी परवानगी दिली आहे (इथे खासगी जमिनीवर ती लेखीच लागते). सोयाबीन हरणं खातात म्हणून ते वैतागलेले आहेत. शिकारीचा कोर्स मागच्या वर्षीच झाला. बंदूक आज आली, वापरलेली: .५० कॅलिबर (नळीचा आतला व्यास अर्धा इंच), इनलाइन (ठिणगी नळीच्या थेट मागून लागते), २६ इंची नळी, पीळ १:२८. म्हणजे २८ इंच पुढे सरकताना गोळीचा स्वतःभोवती एक फेरा पूर्ण होतो.

कुडाळला काकांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. लहानपणी तिच्याकडे बघायचीही आम्हाला बंदी होती. ही तिची अमेरिकन नात म्हणायची. दारू आणि गोळी इथेही तोंडाकडूनच जाते आणि गजानेच ठासायची, पण केपेच्या जागी मागून २०९ नंबरचा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) लागतो आणि वर दुर्बीण आहे.

आधीच्या मालकाने बंदुकीसोबत एक बिस्किटांचा डबा दिला. त्यात चार जातींच्या गोळ्या आणि निदान पाच जातींचे सॅबो, सगळं एकत्र, लेबल एकाही पुडीवर नाही. ही वही त्या डब्यामुळे सुरू झाली.

१८ ऑगस्ट

सकाळी सगळं जेवणाच्या टेबलावर पसरून मापलं. मी नोकरीत दिवसभर मापंच घेतो, त्यामुळे रविवारही तसाच गेला.

सॅबो हा फ्रेंच शब्द, अर्थ लाकडी पादत्राण. आपल्याकडच्या खडावा. गोळी नळीपेक्षा बारीक असते, .५० च्या नळीत .४५२ किंवा .४३० इंचाची. मधली फट भरायला तिला हे प्लॅस्टिकचं चार पाकळ्यांचं पादत्राण घालतात. नळीतले आटे (आतल्या पीळदार खाचा) प्लॅस्टिकला धरतात, प्लॅस्टिक गोळीला फिरवतं, आणि तोंडाबाहेर पडल्यावर पाकळ्या वाऱ्याने उलगडून सॅबो मागे गळून पडतो. गोळी नळीला कुठेही लागत नाही. म्हणजे या नळीत कोण बसतं हे सॅबोने ठरवायचं, आणि डब्यावर चित्र मात्र गोळीचं असतं.

डब्यातून तीन जोड्या निवडल्या:

अ: २५० ग्रेन, .४५२, पॉलिमरचं टोक, गुळगुळीत सॅबो.
ब: ३०० ग्रेन, हॉर्नडी कंपनीची एक्सटीपी, .४५२, बाहेरून बारीक रिबा (कंगोरे) असलेला सॅबो.
क: २४० ग्रेन, .४३०, जाड पाकळ्यांचा सॅबो.

ग्रेनचा अंदाज येत नसेल तर सोनाराकडे चला: जुना एक तोळा (हल्लीचा दहा ग्रॅमचा नव्हे) म्हणजे बरोबर १८० ग्रेन. ३०० ग्रेनची गोळी पावणेदोन तोळ्यांहून किंचित कमी.

पिळाचा हिशोब पण करून टाकला. वुलिचच्या लष्करी अकादमीतले गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांचं १८७९ चं सूत्र आहे: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी, की इंचात पीळ मिळतो. उलटं सोडवलं तर .४५२ ची गोळी १:२८ मध्ये साधारण १.१ इंच लांबीपर्यंत सरळ उडावी. माझ्या तिन्ही त्याच्या बऱ्याच आत आहेत. हीच गोळी १:४८ च्या जुन्या नळीतून मारायची तर मर्यादा .६४ इंचावर येते, आणि १:६६ तर चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीसाठीच. म्हणजे पिळाची काळजी मिटली. गोळ्या भरकटल्या तर कारण दुसरीकडे शोधायचं.

२४ ऑगस्ट, रेंज

वाईट दिवस.

दारू ब्लॅकहॉर्न २०९. मापाने १०० ग्रेन, तराजूत ७०. हा फरक डोक्यात पक्का बसला पाहिजे. ठासणीच्या दारूची मापं काळ्या दारूच्या आकारमानावर बेतलेली आहेत आणि ही दारू हलकी आहे. तराजूवर १०० ग्रेन भरली तर पडते मापाने १४० च्या वर, आणि या दारूची कमाल मर्यादा मापाने १२० आहे. काडतुसातली बिनधुराची दारू तर या बंदुकीत घालायचीच नाही, नळी फुटते. दारूच्या डबीवर मार्करने ‘७०’ असा मोठा आकडा लिहून ठेवला.

‘अ’चा सॅबो तोंडाशीच अडला. गजावर सगळं वजन टाकलं तेव्हा खाली गेला. पहिले तीन बार १०० यार्डांवर: सात इंचांचा ग्रुप (म्हणजे भोकांमधलं सर्वांत जास्त अंतर). पुढचे तीन: सहा. ‘क’ चे तीन कागदावर शोधावे लागले.

‘अ’ची चौथी गोळी भरताना नळीत डोकावलो नाही, पण गज वर काढला तर त्याच्या टोकाला निळं पॉलिमर चिकटलेलं. गजाचं टोक सपाट, गोळीचं अणकुचीदार. इतक्या जोराने ठासताना मी प्रत्येक गोळीचं नाक चेपत होतो, बहुधा तिरकं. खोलगट टोकाचा जॅग (गजाला पुढे लावायचा तुकडा) मागवला.

२५ ऑगस्ट

घट्ट म्हणजे किती घट्ट? याला आकडा पाहिजे.

ब्रीच प्लग (नळीचं मागचं बूच) काढला, म्हणजे नळी दोन्ही बाजूंनी मोकळी. दारू नाही, प्रायमर नाही. बाथरूममधला वजनकाटा जमिनीवर ठेवला, त्यावर बंदूक दस्त्यावर उभी केली, काटा शून्य केला आणि गोळी घातलेला सॅबो गजाने एकसारखा खाली दाबत नेला. बायको दारात उभी राहून विचारती झाली, “वजन कोणाचं करतोयस?” तिलाच आकडे लिहायला बसवलं.

अ: सुरुवातीला ७० पौंड, मध्ये ५५ ते ६०, प्रत्येक वेळी वेगळं.
ब: ३५, आणि पुढे पार तळापर्यंत ३० ते ३२.
क: १५, एकदा तर १०. बंदूक उलटी धरून झटकली तर गोळी जागची हलेल अशी शंका.

दोन्ही टोकं वाईट. घट्ट सॅबो ठासताना गोळी चेपते, आणि नळीत काजळी साठली की तो अर्ध्यातच अडकू शकतो. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहणं या बंदुकीत सर्वांत धोक्याचं. सैल सॅबो वायू अडवत नाही. ब्लॅकहॉर्नला नीट पेटायला मागून दाब लागतो, तो मिळत नाही, आणि प्रत्येक बाराचा वेग निराळा.

मायक्रोमीटरवर गोळी बसवलेल्या ‘अ’ आणि ‘ब’ सॅबोंच्या बाहेरच्या व्यासात फरक इंचाच्या दोन-तीन हजारांश भागाचा. एवढ्याने जोर दुप्पट.

‘क’ बाद. ‘अ’च्याच गोळीला दुसऱ्या जातीचा, जरा पातळ पाकळ्यांचा सॅबो जुळवला: ४२ पौंड. तो नवा ‘अ’.

७ सप्टेंबर

गणपती बसले. सॅबो बाजूला, मोदक पुढे.

१४ सप्टेंबर, रेंज

आज बऱ्याच दिवसांनी हसत घरी आलो.

नवा ‘अ’, १०० यार्ड, पहिला सोडून तीन: दीड इंच. ‘ब’, पहिला सोडून तीन: सव्वादोन. दारू ९०, १००, ११० अशी बदलून पाहिली. ११० ला दोन्ही ग्रुप विस्कटले, ९० आणि १०० मध्ये फारसा फरक नाही. १०० ठेवली. क्रोनोग्राफवर ‘ब’ सरासरी सेकंदाला १६९० फूट.

फायरिंग थांबल्यावर सगळ्यांच्या परवानगीने पुढे जाऊन सॅबो वेचले. पंधरा-वीस यार्डांवर गवतात पडलेले असतात. निशाणापेक्षा हे वेचणं मला जास्त आवडायला लागलंय, पारिजातकाच्या सड्यासारखं, फक्त जळक्या प्लॅस्टिकचा वास. चारही पाकळ्या सारख्या मागे वळलेल्या, बूड शाबूत, आट्यांचे ठसे स्वच्छ आणि तिरके: हा निरोगी सॅबो. ११० ग्रेनवाल्यांपैकी दोघांची बुडं काठाला वितळून दुमडली होती. ऑगस्टमधल्या घट्ट सॅबोंपैकी एक आज बांधाजवळ सापडला, त्याची एक पाकळी मुळापासून तुटलेली. तीन पाकळ्या गोळीला एका बाजूला ढकलतात आणि चौथी नसते, तर गोळी सरळ कशी जाणार.

२१ सप्टेंबर

३१ अंश, ऊन. नळी हाताला चटका देईल इतकी तापलेली असताना सहावा बार भरला. सॅबो लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला, आणि गोळी चार इंच खाली लागली. आता दोन बारांमध्ये दहा मिनिटं, नळी तोंडाने वर सावलीत. शिकारीत तापलेल्या नळीचा प्रश्नच यायचा नाही, पण रेंजवरचे आकडे खोटे पडतात.

५ ऑक्टोबर

आज नुसती वही वाचली. ‘अ’ निवडून मोकळा होणार होतो. दीड इंच आणि सव्वादोन इंच, यात विचार काय करायचा?

मग एक गोष्ट खटकली. मी प्रत्येक पानावर लिहिलंय: ‘पहिला सोडून’. १४ सप्टेंबर, पहिला सोडून. २१ सप्टेंबरच्या कागदांवरही तेच. स्वच्छ नळीतला पहिला बार कुठेतरी जातोच, काजळी धरली की ग्रुप बसतो, असं रेंजवर सगळेच म्हणतात. मीही तो मोजत नव्हतो. कागद मात्र जपून ठेवलेत, म्हणून ते भोक शोधता आलं. ‘अ’चे पहिले बार: तीन इंच वर डावीकडे, साडेतीन वर, दोन डावीकडे. ‘ब’चे: एक इंच वर, दीड उजवीकडे.

६ ऑक्टोबर

काकांना फोन केला. कौतुक ऐकायला केला होता, खरं तर. ग्रुप, पाकळ्या, काटा सगळं सांगितलं. पहिला बार मोजत नाही म्हटल्यावर ते थांबले.

“डुकराक सांगशीत काय, माझो पयलो बार मोजू नको म्हणान?”

त्यांना जन्मात तीन बारांचा ग्रुप काढायची वेळ आली नाही. बागेत डुकरं शिरली की एक बार, तोही बहुतेक वेळा हवेत. दुसरा भरेपर्यंत डुकरं डोंगरापलीकडे.

फोन ठेवता ठेवता: “आणि गजाक खूण घातलंस काय? नाय तर एक दिस दोन बार एकावर एक ठासशीत.” खूण घातली आहे. रिकाम्या नळीची एक रेघ, भरलेल्याची दुसरी. ही गोष्ट इथल्या कोर्समध्येही शिकवली होती. काका त्या रेघेला ‘माप’ म्हणतात.

१२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजेला बंदूक प्लग काढून पाटावर ठेवली, झेंडूचं फूल वाहिलं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. “आमच्याकडे पुस्तकं ठेवतात,” एवढंच म्हणाल्या. वजनकाटाही ठेवायला हवा होता.

१९ ऑक्टोबर, रेंज

पद्धत बदलली. आता फक्त पहिले बार. एक पुठ्ठा ‘अ’चा, एक ‘ब’चा. दर खेपेला प्रत्येकी दोन. प्रत्येक बारानंतर नळी पूर्ण धुवायची, तेलाचा हात फिरवायचा, चाळीस मिनिटं थांबायचं, आणि घरून निघताना करतो तशी तयारी पहिल्यापासून. चार बारांना अख्खी सकाळ जाते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने तेवढ्यात शंभर काडतुसं संपवली आणि माझ्याकडे कीव येऊन पाहिलं.

आजचा संशय तेलावर. नळीत राहिलेल्या पुसट तेलावर सॅबो घसरतो, आटे त्याला उशिरा धरतात. म्हणून भरण्याआधी अल्कोहोलची एक चिंधी, कोरड्या दोन. मग तळाशी कोरडी चिंधी दाबून नुसते दोन प्रायमर उडवायचे. चिंधीच्या मधोमध करपलेलं भोक पडलं म्हणजे प्लगचं छिद्र मोकळं आहे आणि आत ओल नाही. ती चिंधी काढून मगच दारू.

‘ब’: दोन्ही मध्याच्या इंचभर आत. ‘अ’: एक अडीच इंच वर, एक मध्यावर.

२ नोव्हेंबर, पाडवा

पहाटे फराळ, मग रेंज. पुठ्ठ्यावर आणखी दोन-दोन. ‘अ’ सुधारला आहे, पण लहरी.

१६ नोव्हेंबर

शेवटचे दोन-दोन. सहा पहिल्या बारांचे पुठ्ठे शेजारी ठेवले. ‘ब’: सहाही भोकं तीन इंचांच्या वाटीखाली झाकली जातात. (खरंच वाटी ठेवून पाहिली, कोशिंबिरीची.) ‘अ’: साडेपाच इंच. दीड इंचाचा ग्रुप काढणारी जोडी पहिल्या बाराला साडेपाचवर जाते आणि सव्वादोनवाली तीनवर राहते. ‘अ’ का हट्ट करतो याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. माझा अंदाज, पातळ पाकळ्या आणि स्वच्छ नळी यांचं जमत नाही. पण कारण कळेपर्यंत थांबायची गरज नाही, ‘ब’ घेतो.

एक्सटीपी मुळात पिस्तुलाची गोळी, पुढचं टोक पोकळ, वाऱ्यात फार दूर वेग टिकवणारी नाही. १०० यार्डांवर शून्य धरलं (म्हणजे तिथे गोळी नेमाच्या जागीच लागेल अशी दुर्बीण जुळवली) तर १२५ ला तीन इंच खाली, १५० ला सहा-सात. म्हणून ११० यार्डांची हद्द घालून घेतली. त्यापलीकडचं हरीण माझं नाही.

संपूर्ण तांब्याची २९० ग्रेनची पण एक पुडी आणली होती. मांसात शिशाचे कण नकोत म्हणून ती पुढच्या वर्षी. त्याच वजनाला तांब्याची गोळी लांब होते, ग्रीनहिलचं गणित पुन्हा करावं लागेल.

२० नोव्हेंबर

महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान. काकांची बंदूक आचारसंहितेमुळे पोलीस ठाण्यात जमा आहे. भात कापणीच्या दिवसांत डुकरांना आणि माकडांना आचारसंहिता नाही, ही त्यांची दर निवडणुकीची तक्रार. पत्र्याचा डबा वाजवत बसतात.

१४ डिसेंबर

उणे पाच अंश. सॅबो थंडीने ताठ झालेले, गजाला ऑक्टोबरपेक्षा चांगलाच जास्त जोर लागतो. पहिला बार नेहमीपेक्षा इंचभर खाली. दुर्बिणीला हात लावला नाही. दुसऱ्या बाराचं सामान मात्र आता आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

३ जानेवारी २०२५

रात्री: अल्कोहोल, कोरड्या चिंध्या, दोन प्रायमर. तिसऱ्या चिंधीत भोक नीट गोल. प्रायमर उद्या शेतावर गेल्यावरच. ओहायोत प्रायमर नसलेली ठासणीची बंदूक रिकामीच धरतात. ७० ग्रेन तोलून, ‘ब’, गज खुणेपर्यंत. बंदूक घरात आणली नाही, थंड गॅरेजमध्येच कुलपात ठेवली. उबेत आणली की नळीत दव धरतं आणि इतकी मेहनत एका फुसक्या बारात जाते.

४ जानेवारी

नारिंगी जाकीट, मचाण, कायद्याप्रमाणे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून. नऊच्या सुमारास बांधापलीकडे नर. डोकं वर, शिंगं झाडाच्या फांदीसारखी. रेंजफाइंडरवर १३८ यार्ड. चाप नाही, बोटही नाही. तो चरत चरत मक्याच्या खुंटांतून निघून गेला. दिवसभर दुसरं काही नाही.

५ जानेवारी

दुपारपर्यंत बसलो. तीन माद्या, झाडीतून, नेम धरायला जागा नाही. संध्याकाळी वादळ येणार म्हणून लवकर परत.

६ जानेवारी

रस्ते बर्फाखाली. घरीच. बार शुक्रवार रात्रीपासून भरलेलाच आहे, प्रायमर काढलेला. ओल लागली असेल का, हा एकच विचार. दोनदा गॅरेजमध्ये जाऊन गज घातला, रेघ पाहिली. रेघ तिथेच. ओल काय रेघेवर दिसते?

७ जानेवारी, शेवटचा दिवस

घोट्याच्या वर बर्फ. उणे आठ. साडेतीनला ओढ्याच्या बाजूने एकटी मादी. ७२ यार्ड, आडवी उभी, पुढच्या पायामागची जागा मोकळी. श्वास सोडला, चाप.

धूर इतका की पुढचं काही दिसेना. बर्फावर दिसलं: चाळीस पावलांवर पडलेली. गोळी आरपार, फासळ्यांमधून, दोन्ही फुप्फुसं.

परत येताना मचाणापासून अठरा पावलांवर बर्फात एक काळं भोक दिसलं. बोट घातलं तर सॅबो. चार पाकळ्या सारख्या मागे वळलेल्या.

८ जानेवारी

शिकारीची नोंद कालच अ‍ॅपवर झाली. एक पुढचा पाय आणि पाठीचं मांस शेताच्या मालकांना दिलं, बाकी फ्रीजरमध्ये. काकांना सॅबोचा फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, हे काय, कोकमाचं साल? आणि पहिलाच का, हेही विचारलं. पहिलाच.

नळी धुतली. ब्रीच प्लगच्या मागच्या खोबणीत काजळीचा कडक थर, तो १/८ इंची ड्रिलचं पातं हाताने फिरवून काढला. आटे साफ, तेल अगदी हलकं. वजनकाटा परत बाथरूममध्ये.